आकाशातली हाक

भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, तरी जिल्ह्याच्या डोक्यावरचं आकाश कधी रिकामं नसतं. नकाशावर कोलकाता आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती भंडारा शहराच्या आसपासूनच जाते. मुंबई ते कोलकाता ही रेघ पवनीच्या बाजूने वैनगंगा ओलांडते. युरोप आणि आग्नेय आशिया यांच्यात ये-जा करणारी अनेक विमानंही मध्य भारतावरूनच पुढे सरकतात. साकोली-लाखनीच्या धानाच्या बांधावर उभं राहून वर पाहिलं, तर पांढरी रेघ ओढत जाणारा एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यातला वैमानिक त्याच क्षणी जमिनीवरच्या कुणाशी तरी बोलत असतो, आणि बोलताना आपल्या विमानाचं नाव सांगत असतो. ते नाव तिकिटावर छापलेलं नसतं आणि बऱ्याचदा विमानाच्या अंगावर रंगवलेलंही नसतं. ते फक्त रेडिओवर चालतं. त्याला कॉलसाइन म्हणतात.

ही नावं ऐकून पहिल्यांदा हसू येतं. कुणी 'आय-फ्लाय' आहे, कुणी 'स्पीडबर्ड', कुणी 'स्प्रिंगबॉक', तर कुणी चक्क 'गो कॅट' होतं. पण हे हसू येतं त्याचं कारणच महत्त्वाचं आहे. जे नाव कानाला वेगळं लागतं, ते लक्षात राहतं. जे लक्षात राहतं, ते दुसऱ्याच्या नावात मिसळत नाही. आकाशात दोन नावं एकमेकांत मिसळली, तर एकासाठी दिलेली सूचना दुसराच पाळू शकतो. म्हणून गमतीदार नाव आणि सुरक्षित नाव बहुतेक वेळा एकच असतं.

एक वाहिनी, अनेक आवाज

विमान आणि नियंत्रक यांच्यातलं बोलणं मुख्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. आकाशाच्या एकेका भागाला एकेक फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली असते आणि त्या भागातली सगळी विमानं तीच ऐकत असतात. दूरध्वनीवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात, तसं इथे नसतं. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर सगळ्यांच्या कानात नुसती किंचाळी उठते आणि दोघांचंही बोलणं वाया जातं.

शिवाय बोलणारा दिसत नाही. इंजिनांची घरघर असते, वाऱ्याचा घोंघाट असतो, आणि रेडिओतून येणारा आवाज बारीक चाळणीतून गाळल्यासारखा येतो. त्यात कोलकात्याचा नियंत्रक, ढाक्याचा वैमानिक, दुबईची वैमानिक आणि विदर्भातला प्रशिक्षणार्थी असे सगळे आपापल्या उच्चारांतलं इंग्रजी बोलत असतात. अशा वेळी 'अमुक उंचीवर उतरा' या वाक्याच्या आधी येणारे दोन-तीन शब्द सगळ्यांत मोलाचे ठरतात, कारण सूचना कुणासाठी आहे हे तेच सांगतात. वैमानिकाने सूचना तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि सोबत आपलं नाव सांगायचं, हा नियम त्यासाठीच आहे. चुकीच्या विमानाने उत्तर दिलं, तर ते नियंत्रकाला तिथल्या तिथे कळावं.

व्हिक्टर टँगोची मंडळी

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत रेडिओ-नावांचे तीन प्रकार आहेत. पहिलं म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक. दुसरं, कंपनीचं रेडिओ-नाव आणि त्यापुढे नोंदणीतली शेवटची चार अक्षरं. तिसरं, कंपनीचं रेडिओ-नाव आणि उड्डाणाचा क्रमांक. प्रवासी विमानं बहुधा तिसरा प्रकार वापरतात. लहान विमानांचं काम पहिल्यावर भागतं.

हा पहिला प्रकार भंडाऱ्याच्या शेजारीच रोज ऐकू येतो. गोंदियाजवळच्या बिरसी इथली धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आज बिरसीला राष्ट्रीय पातळीवरची वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे आणि तिची छोटी विमानं त्या परिसरात घिरट्या घालतात. शिकाऊ वैमानिक पहिल्यांदा एकटा उडतो तेव्हा सोबत शिक्षक नसतो. सोबत असतं ते रेडिओवरचं नाव, आणि ते नाव म्हणजे विमानाच्या अंगावर रंगवलेली अक्षरं.

भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होते. १९२७ साली वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत ही अक्षरं भारताच्या वाट्याला आली. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला आणलेलं पुस मॉथ विमानही 'व्हीटी-एडीएन' होतं. रेडिओवर मात्र 'व्हीटी' असं म्हणत नाहीत. व्ही, बी, डी, पी, टी ही अक्षरं खरखरीत सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक पूर्ण शब्द ठरवलेला आहे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी ती यादी. तिचं आजचं रूप १ मार्च १९५६ पासून लागू आहे. 'व्हीटी' म्हणजे व्हिक्टर टँगो. या यादीत नवव्या अक्षरासाठी 'इंडिया' हा शब्द आहे. त्यामुळे पेरूपासून फिनलंडपर्यंत कुठल्याही विमानाच्या नावात ते अक्षर आलं, की वैमानिकाच्या तोंडी आपल्या देशाचं नाव येतं.

आकड्यांनाही असाच संस्कार दिलेला आहे. 'नाइन' आणि 'फाइव्ह' यांची गल्लत होऊ नये म्हणून 'नायनर' आणि 'फाइफ' म्हणतात, तर 'थ्री'चं 'ट्री' होतं. पहिल्यांदा बोलताना पूर्ण नाव सांगायचं. नियंत्रकाने ते लहान केलं, तरच वैमानिकानेही लहान करायचं. मग 'व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली' या लांबलचक नावाचं 'व्हिक्टर ब्राव्हो चार्ली' होतं. नाव लहान करायचा अधिकार नियंत्रकाचा असतो, कारण त्या क्षणी आकाशात दुसरा कुणी तशाच नावाचा आहे का, हे त्यालाच ठाऊक असतं.

मध्यरात्रीचं नागपूर

भंडाऱ्यावरून जाणाऱ्या आवाजांचा इतिहास जुना आहे. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिची रचना साधी आणि विलक्षण होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमानं निघत आणि नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्रीच्या सुमारास एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोहोचू लागलं.

चार दिशांनी येणारी ही विमानं प्रामुख्याने डाकोटा बनावटीची होती, आणि चारही थोड्याफार फरकाने एकाच वेळी एकाच धावपट्टीकडे येत. काळोखात नागपूरच्या नियंत्रकाला दिवे दिसायच्या आधी नावंच कळत. कलकत्त्याहून येणारं विमान वैनगंगेवरून, म्हणजे भंडाऱ्याच्या आकाशातूनच, नागपूरच्या जवळ येई. कोण आधी उतरणार आणि कोण वर फेऱ्या मारत थांबणार, हे ठरवायला प्रत्येकाचं नाव स्वच्छ ऐकू येणं भाग होतं. पुढची दोन दशकं देशाच्या टपालाने नागपूरची ही मध्यरात्र पाहिली.

आपल्या कंपन्यांची नावं

कंपनीला रेडिओ-नाव हवं असेल, तर ते जागतिक यादीत नोंदवावं लागतं. सोबत तीन अक्षरांचा एक सांकेतिक शब्दही मिळतो. नाव उच्चारायला सोपं असावं, आधीच्या कुठल्या नावाशी मिळतंजुळतं नसावं, आणि संकटाच्या हाकेशी त्याची गल्लत होऊ नये, अशा अटी असतात. 'एसओएस' ही तीन अक्षरं कुठल्याही कंपनीला मिळणार नाहीत, ती त्यामुळेच.

एअर इंडियाचं रेडिओ-नाव 'एअर इंडिया'च आहे. तिचा महाराजा १९४६ पासून जाहिरातींत झुकून स्वागत करतो, पण रेडिओवर तो कधी आला नाही. एअर इंडिया एक्सप्रेसने शब्दांची जागा बदलून 'एक्सप्रेस इंडिया' घेतलं. पहिला शब्दच वेगळा असल्याने एकाच घरातल्या या दोन कंपन्या रेडिओवर एकसारख्या ऐकू येत नाहीत. जुनी इंडियन एअरलाइन्स 'इंडएअर' होती आणि अलायन्स एअर 'अलाइड' आहे. किंगफिशरचं रेडिओ-नाव 'किंगफिशर', म्हणजे आपला नदीकाठचा खंड्या. विस्तारा आकाशात 'विस्तारा'च होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी तिची उड्डाणं एअर इंडियात विलीन झाली आणि एक अगदी भारतीय नाव रेडिओवरून उतरलं.

आणि इंडिगो? तिकिटावर '६ई' आणि पुढे आकडा असतो, अंगावर निळा रंग असतो, पण रेडिओवर ती असते 'आय-फ्लाय'. म्हणजे 'मी उडतो'. दिवसभर देशाच्या आकाशात शेकडो आवाज हेच म्हणत असतात. 'इंडिगो' आणि 'इंडिया' हे शब्द एकाच ध्वनीने सुरू होतात. खरखरीत दुसरा अर्धा भाग बुडाला, तर दोन्ही सारखेच ऐकू येतील. 'आय-फ्लाय'चा 'एअर इंडिया'शी असा घोटाळा होत नाही.

जगभरची नावं

ब्रिटिश एअरवेजचं 'स्पीडबर्ड' हे नाव १९३२ सालच्या एका बोधचिन्हातून आलं. तेव्हाच्या इम्पीरियल एअरवेजसाठी थिअरी ली-एलियट या चित्रकाराने झेपावणाऱ्या पक्ष्याची एक टोकदार आकृती काढली. कंपनीचं नाव बदललं, रंग बदलले, पण रेडिओवरचा पक्षी टिकला. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारं कॉन्कॉर्ड लंडनहून न्यूयॉर्कला निघालं, की नियंत्रक त्याला 'स्पीडबर्ड कॉन्कॉर्ड वन' अशी हाक मारत.

पुष्कळ देशांनी आपल्या मातीतलं काहीतरी वर नेलं. आयर्लंडची एअर लिंगस 'शॅमरॉक', म्हणजे तीन पानांची ती आयरिश वनस्पती. दक्षिण आफ्रिकेची कंपनी 'स्प्रिंगबॉक', तिकडचं उड्या मारणारं हरीण. लेबनॉनची 'सीडर जेट', कारण देवदाराच्या जातीचा तो वृक्ष त्यांच्या झेंड्यावरच आहे. तैवानची चायना एअरलाइन्स 'डायनेस्टी'. अवाढव्य मालवाहू विमानं उडवणारी अमेरिकेची ॲटलस एअर 'जायंट'. इंडियानापोलिसच्या रिपब्लिक एअरवेजने 'ब्रिकयार्ड' घेतलं, कारण त्या शहरातलं मोटारशर्यतीचं जगप्रसिद्ध मैदान एके काळी विटांनी बांधलेलं होतं. फ्लोरिडातल्या एअरट्रानचं नाव होतं 'सिट्रस', कारण फ्लोरिडा हा संत्र्यांचा मुलूख. आपल्या संत्रानगरीवरून उडायला हे नाव शोभलं असतं. सिंगापूरच्या टायगर एअरवेजने 'गो कॅट' घेतलं आणि वाघाला मांजराच्या घराण्यात परत नेलं.

नावामागे कधी शेपूटही लागतं. कमाल वजन १३६ टन किंवा त्याहून अधिक असलेल्या विमानाच्या नावानंतर 'हेवी' म्हणतात आणि एअरबस ए-३८० च्या नावानंतर 'सुपर'. यात मोठेपणा मिरवण्याचा भाग नाही. अशा विमानाच्या मागे हवेत जबर भोवरे उठतात आणि मागून येणाऱ्या लहान विमानाला अंतर राखावं लागतं. त्या एका शब्दाने ऐकणारे सगळे सावध होतात.

नाव टिकतं, आकडे निसटतात

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजचं १५४९ क्रमांकाचं उड्डाण निघालं. रेडिओवर त्याचं नाव होतं 'कॅक्टस १५४९'. हे नाव मुळात ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या अमेरिका वेस्ट या कंपनीचं. दोन कंपन्या एकत्र आल्यावर तेच पुढे चाललं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनं निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी रेडिओवर कळवलं, पण घाईत क्रमांक सांगितला '१५३९'. नियंत्रकाच्या तोंडून पुढे '१५२९' गेलं. आकडे दोघांचेही निसटले, 'कॅक्टस' मात्र दोघांच्याही तोंडी पक्कं राहिलं. कोणतं विमान संकटात आहे, याबद्दल गोंधळ झाला नाही. विमान हडसन नदीवर उतरलं आणि आतले सगळे १५५ जण वाचले. संकटात माणसाची आकड्यांवरची पकड सुटते, चित्र डोळ्यापुढे आणणारा शब्द मात्र राहतो. विचित्र नावांच्या बाजूने याहून मोठा पुरावा सापडणं कठीण आहे.

उलट बाजूचं उदाहरण वेदनादायक आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातलं एक विमान पॅन ॲम कंपनीचं. तिचं प्रसिद्ध रेडिओ-नाव होतं 'क्लिपर'. नियंत्रक या विमानाशी 'क्लिपर' म्हणूनच बोलत होता. अखेरच्या निर्णायक क्षणी मात्र त्याने 'पापा अल्फा १७३६' अशी वेगळी हाक मारली, आणि पॅन ॲम अजून धावपट्टीवरच आहे हे त्याच संवादात होतं. दुसऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ वेळेत पोहोचला नाही. त्या दुर्घटनेची मुख्य कारणं वेगळी आणि अनेक होती, पण अपघाताचा अभ्यास करणाऱ्यांनी या बदललेल्या हाकेचीही नोंद घेतली. नाव ठरलं की ते शेवटपर्यंत तेच राहिलं पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध रेडिओ-नावही घोटाळ्याच्या भीतीतूनच जन्मलं. १९५० च्या दशकात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ज्या विमानात होते, त्याचा क्रमांक होता ८६१०. त्याच आकाशात ईस्टर्न एअरलाइन्सचं एक प्रवासी उड्डाण त्याच क्रमांकाने चाललं होतं. हे लक्षात आल्यावर अध्यक्षांच्या विमानासाठी 'एअर फोर्स वन' हे वेगळं नाव ठरलं. हे नाव विमानाला चिकटलेलं नसतं, अध्यक्षांना चिकटलेलं असतं. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन राजीनामा देऊन कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. विमान मिझुरी राज्यावर असताना जमिनीवर फोर्ड यांचा शपथविधी झाला, आणि हवेतच त्या विमानाचं नाव बदलून 'सॅम २७०००' झालं.

रायपूरहून नागपूरकडे

२७ ऑगस्ट २०२१ रोजी बिमान बांगलादेश एअरलाइन्सचं मस्कतहून ढाक्याला जाणारं विमान रायपूरच्या परिसरात असताना त्याच्या कॅप्टनना हृदयविकाराचा झटका आला. विमान नागपूरला उतरवण्यात आलं आणि सगळे प्रवासी सुखरूप राहिले. कॅप्टनचा मात्र काही दिवसांनी नागपूरच्या रुग्णालयात मृत्यू झाला. रायपूर ते नागपूर ही सरळ वाट भंडारा जिल्ह्यावरूनच जाते. बिमानचा तीन अक्षरी संकेत 'बीबीसी' आहे, म्हणून नकाशाच्या पडद्यावर ती अक्षरं पाहून बातम्यांच्या वाहिनीची आठवण होते. रेडिओवर मात्र ती कंपनी सरळ 'बांगलादेश' आहे. असं विमान मधेच वाट सोडून खाली येतं तेव्हा एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे, तिथून धावपट्टीवरच्या अग्निशमन दलाकडे आणि रुग्णवाहिकेकडे काही मिनिटांत निरोप जातात. प्रत्येक निरोपात तेच एक नाव असतं. तोंडातोंडी होणाऱ्या त्या प्रवासात जे बिघडत नाही, तेच चांगलं रेडिओ-नाव.

सगळेच 'आय-फ्लाय' असले तर

एका गावात चार विठोबा असले, की लोक कुणाला धाकटा, कुणाला पाटलाच्या वाड्यातला म्हणू लागतात. भारतीय आकाशात आज तशीच वेळ आली आहे. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या इंडिगोने जातात आणि तिची रोजची उड्डाणं दोन हजारांच्या वर आहेत. जेट एअरवेज, किंगफिशर, विस्तारा, गो एअर अशी एकेक नावं रेडिओवरून गेली. उरलेल्यांत एकाच नावाची विमानं एका फ्रिक्वेन्सीवर एकामागून एक येतात. पहिला शब्द सगळ्यांचा एकच असला, तर तो वेगळेपण सांगू शकत नाही. सगळा भार मागच्या आकड्यांवर येतो, आणि आकडे निसटतात हे आपण हडसनवर पाहिलं.

यावर जगभर उपाय केले जातात. उड्डाणाच्या क्रमांकात अक्षरं मिसळतात, म्हणजे चार आकड्यांऐवजी दोन आकडे आणि एक-दोन अक्षरं येतात. एकाच वेळी एकाच भागात येणाऱ्या उड्डाणांचे क्रमांक एकमेकांसारखे नसतील, याची आधीच तपासणी करतात. तरीही दोन सारखी नावं समोरासमोर आलीच, तर नियंत्रक त्यातल्या एकाला तेवढ्यापुरतं नाव बदलायला सांगू शकतो. पण खरा टिकाऊ उपाय म्हणजे आकाशात अनेक कंपन्या आणि अनेक नावं असणं. प्रवाशाला तिकिटाच्या दरासाठी स्पर्धा हवी असते. नियंत्रकाच्या कानालाही तीच स्पर्धा वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडते.

झाडीपट्टीचं नाव शोधताना

समजा उद्या पूर्व विदर्भातून एक विमान कंपनी निघाली. तिने रेडिओवर काय नाव घ्यावं? ही कसोटी घेऊन पाहिली, की या शास्त्राची खरी ओळख होते. 'वैनगंगा' हे नाव आपल्याला प्रिय, पण परदेशी नियंत्रकाच्या तोंडी त्याची किती रूपं होतील सांगता येत नाही. 'झाडीपट्टी'तला 'झ' आणि 'ट्ट' बाहेरच्या माणसाला जमणार नाही. 'सारस' हा गोंदिया-भंडाऱ्याचा अभिमानाचा पक्षी, पण त्या शब्दात 'स' दोनदा येतो, आणि रेडिओच्या खरखरीत सर्वांत आधी हरवतो तो 'स'. 'टायगर' म्हणावं, तर जगात वाघाच्या नावावर उडणारे पुष्कळ होऊन गेले. 'कोसा' म्हणून पाहा. भंडाऱ्याच्या विणकरांच्या रेशमाचं हे नाव दोन अक्षरांचं आहे, दोन्ही स्वर मोकळे आणि लांब आहेत, सुरुवातीचा 'क' कडक आहे. मधला 'स' बुडाला तरी 'को' आणि 'आ' उरतात. इंग्रजी, बंगाली, अरबी, कुणाच्याही जिभेला ते अवघड नाही. जागतिक यादीत त्याच्याजवळचं दुसरं नाव नसेल, तर ते चालून जाईल.

पुढच्या वेळी मोबाइलवर विमानं दाखवणारा नकाशा उघडून जिल्ह्यावरून काय चाललं आहे ते पाहा. 'आयजीओ' दिसलं तर ते आय-फ्लाय, 'एआयसी' म्हणजे एअर इंडिया, 'एएक्सबी' म्हणजे एक्सप्रेस इंडिया, 'एकेजे' म्हणजे अकासा एअर, 'बीएडब्ल्यू' म्हणजे स्पीडबर्ड. यातलं प्रत्येक नाव कुणीतरी विचार करून निवडलं, यादीतल्या इतर नावांशी ताडून पाहिलं आणि मगच आकाशात पाठवलं. दहा किलोमीटर उंचीवरच्या माणसांचा जीव राखणाऱ्या साधनांत इंजिन आणि रडार यांच्याइतकाच एका नेमक्या, कानात ठसणाऱ्या शब्दाचाही वाटा असतो.